शब्दाला जागलेला महाजन : श्री तुकाराम महाराज

आपल्या चिंचवड परिसरातून देहूला जाणारी वाट सर्वांच्या पायाखालची आहे. ज्येष्ठ वद्यात महाराजांची पालखी देहूहून निघून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामास येते, तेव्हा पंचक्रोशीतील लहानथोर दर्शनाला लोटतात. परंतु ज्यांच्या पादुका त्या पालखीत असतात, त्यांच्या शब्दावर लोकांचा एवढा विश्वास का बसला, याचा विचार सहसा होत नाही. मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी तो करणे उचित होईल. कारण तुकोबारायांच्या जीवनालाही वळण लागले ते एका मोडक्या देवळापाशी.

तुकाराम महाराजांचे घराणे देहूचे महाजन. बाजारपेठेची महाजनकी, वाणसवदा, शेती आणि सावकारी असा नांदता कारभार होता. मूळपुरुष विश्वंभरबुवांपासून घरात पंढरीची वारी होती व विठ्ठलाचे देऊळही त्यांनीच देहूत उभारलेले होते. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे, म्हणून संसाराचा भार कोवळ्या वयातच मधल्या तुकोबांच्या खांद्यावर आला. पुढे थोड्याच काळात आईवडील गेले, भावजय गेली, आणि सावजी तीर्थयात्रेस निघून गेले.

अशातच सन १६३० च्या सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. पाऊस नाही, धान्य नाही, गुरेढोरे मेली, गावे ओस पडली. तुकोबांचा व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, पेठेतील पत गेली. पहिली पत्नी अन्नावाचून गेली. मुलगा संतूही दगावला. ज्याच्या ओट्यावर चार लोक उधारीसाठी बसत, त्या महाजनाला लोकांपुढे तोंड दाखविणे जड झाले.

तुकोबा घर सोडून चाकणजवळच्या भामचंद्र डोंगरावर गेले आणि एकांतात ईश्वरचिंतनात राहिले. धाकटे बंधू कान्होबांनी शोध घेत त्यांना गाठले. दोघे भाऊ इंद्रायणीकाठी आले, तेव्हा घरातील कर्जखतांचा प्रश्न निघाला. दुष्काळाने नागवलेली कुळे ती रक्कम फेडणार कुठून? पण कागद शाबूत होते आणि वसुलीचा हक्कही शाबूत होता. तुकोबांच्या मनातून ती सर्व खते नदीत सोडावयाची होती. कान्होबांना मात्र मुलाबाळांचा संसार होता. तेव्हा खतांच्या दोन वाटण्या झाल्या. कान्होबांची वाटणी तुकोबांनी त्यांना जशीच्या तशी दिली, आणि आपल्या वाटणीची खते इंद्रायणीच्या डोहात सोडली.

या प्रसंगातील बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. भावाच्या हक्काचे एकही खत त्यांनी बुडविले नाही. दुसऱ्याच्या पैशावर उदार होणे सोपे असते, आणि गावच्या कामात तो मोह अनेकांना होतो. तुकोबांनी त्याग केला तो स्वतःच्या वाट्याचा. उपदेशाचा एक शब्दही तोंडातून निघण्यापूर्वी त्यांनी हे केले होते, आणि ज्यांची कर्जे माफ झाली ती कुळे पंचक्रोशीतच राहत होती. पुढे हाच मनुष्य कीर्तनात धनाच्या लोभाविषयी बोलू लागला, तेव्हा त्याच्या बोलण्याला साक्ष शोधावी लागली नाही.

पूर्वजांनी बांधलेले विठ्ठलाचे देऊळ त्या काळी पडझडीस आले होते. ते उभे करावे असे तुकोबांच्या मनाने घेतले. हाताशी पैसा नव्हता. महिपतींनी अठराव्या शतकात लिहिलेल्या चरित्रात म्हटले आहे की, त्यांनी स्वतः माती कालवून भिंती घातल्या. पेठेचा महाजन चिखलाने माखलेला पाहून कोणी हसलेही असेल, पण देऊळ उभे राहिले.

त्यानंतर ते कीर्तनाकडे वळले, तेही एकदम पुढे उभे राहून नव्हे. आरंभी त्यांनी संतांची वचने पाठ केली आणि इतरांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. पुढे स्वतःची अभंगवाणी स्फुरली. संतमंडळींनी पूर्ववृत्तांत विचारला, तेव्हा काहीही झाकून न ठेवता त्यांनी तो सांगितला. दिवाळे निघाले, पत्नी अन्नान्न करीत गेली, लोकांत लाज वाटू लागली, अभ्यासात आरंभी चित्त लागत नव्हते, हे सारे त्यांनी आपल्याच अभंगांत नोंदवून ठेवले आहे. मोठेपणा आल्यावर मागची फजिती लपविण्याची जगाची रीत असते. महाराजांनी ती उघड केली, म्हणून नांगर धरणाऱ्यालाही हा आपल्यातलाच एक वाटला. चाकणचे संताजी जगनाडे तेल्याचा व्यवसाय करीत, ते महाराजांचे टाळकरी झाले आणि अभंग लिहून ठेवू लागले. त्यांची समाधी सुदुंबरे येथे आहे.

विरोधही थोडा झाला नाही. शूद्राने धर्म सांगावा हे वाघोलीच्या रामेश्वर भटांना मान्य झाले नाही, आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. महाराज तेरा दिवस अन्नपाणी वर्ज्य करून नदीकाठी शिळेवर बसून राहिले, आणि वह्या कोरड्या वर आल्या, अशी परंपरा आहे. ज्या डोहात एकदा त्यांनी आपल्या हातांनी संपत्ती सोडली होती, त्याच नदीत आता जन्माची कमाई गेली होती. तरीही रामेश्वर भटांविषयी त्यांनी वैर धरले नाही. पुढे तेच रामेश्वर भट महाराजांचे शिष्य झाले. विरोधकाचे असे मनःपरिवर्तन केवळ वादात जिंकून होत नाही.

शिवाजी महाराजांनी पाठविलेला नजराणा तुकोबांनी आदराने परत केला, असेही परंपरा सांगते. राजाचे द्रव्य स्वीकारले असते तर कोणी दोष दिला नसता. पण खते बुडविणारा हात पुन्हा द्रव्यासाठी पुढे आला नाही.

शके १५७१, फाल्गुन वद्य द्वितीयेस, म्हणजे सन १६५० मध्ये महाराजांचे वैकुंठगमन झाले. त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी सन १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला, तो आजतागायत चालू आहे. त्या काळची महाजनकी आज कोणाच्या स्मरणात नाही. बुडविलेली खते मात्र साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत.

भाविकहो, देऊळ दगडविटांनी उभे राहते, पण ते चालते परस्परांच्या विश्वासावर. कोणी शंभर रुपये दिले असतील, कोणी लाख दिले असतील, कोणी दिवसभर घमेली उचलली असतील. प्रत्येकाने आपल्या वाटणीचे दिले आहे. ज्यांच्या हाती हा निधी आला, त्यांनी दुसऱ्याची वाटणी भावाच्या खतांप्रमाणे जपावी, आणि चूक झालीच तर ती गावापुढे मोकळेपणाने सांगावी. देहूच्या महाजनाने आपल्या पंचक्रोशीला घालून दिलेला हा धडा आहे. श्री विठ्ठलचरणी एवढीच प्रार्थना की, तो आपणा सर्वांकडून पाळला जावो.