मुळांच्या सोबत्याचा शोध : आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक

वनस्पति मुळांवाटें अन्नरस शोषितात, हें विद्यार्थिमित्रांस ठाऊक आहेच. परंतु ह्या कामीं बहुतेक वनस्पतींस एका बुरशीचें साहाय्य लाभतें, हें लोकविरोध सोसून ज्यांनीं प्रतिपादिलें, त्या आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक ह्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

फ्रँक ह्यांचा जन्म जर्मनींतील ड्रेस्डेन शहरीं १८३९ सालीं झाला. लाइपझिग येथें असतां त्यांनीं दगडफुलाच्या वर्गाचा अभ्यास केला. आपल्या मसाल्यांत पडणारें दगडफूल म्हणजे बुरशी व शेवाळ ह्यांचा जोडसंसारच होय. अशा एकत्र राहण्यास त्यांनीं १८७७ सालीं सहजीवन ह्या अर्थाचें नांव दिलें.

१८८१ सालीं ते बर्लिनच्या कृषिविद्यालयांत प्राध्यापक झाले. पुढें प्रशियाच्या कृषिमंत्र्यांनीं त्यांच्यावर एक कामगिरी सोंपविली. ट्रफल ही जमिनीखालीं वाढणारी मोठी महाग खाद्य बुरशी; तिची लागवड कशी वाढवावी, हें त्यांनीं शोधावयाचें होतें. तो हेतु कांहीं साधला नाहीं. परंतु मुळें तपासतां ओक, बीच इत्यादि वृक्षांच्या कोंवळ्या मुळ्या बुरशीच्या आवरणानें वेढलेल्या आढळल्या, आणि झाडें तर निकोप होतीं! १८८५ सालीं त्यांनीं ह्या जोडीस मायकोरायझा, म्हणजे बुरशीमूळ, असें नांव दिलें व ही बुरशी झाडास पाणी व अन्नद्रव्यें पुरविते, असें मत मांडिलें.

पुष्कळ विद्वानांस तें रुचलें नाहीं. बुरशी म्हणजे रोग, ही समजूत दृढ होती. स्वतः फ्रँक ह्यांनींहि वनस्पतींच्या रोगांवर ग्रंथ लिहिला होता. तरी पूर्वग्रह बाजूस ठेवून त्यांनीं प्रयोग केले. पाइनचीं कांहीं रोपें अरण्यांतील मातींत लाविलीं, व कांहीं त्याच परंतु तापवून निर्जंतुक केलेल्या मातींत. पहिलीं जोमानें वाढलीं. दुसरीं मागें पडलीं.

१९०० सालीं ते बर्लिन येथें निवर्तले, तेव्हां वाद मिटला नव्हता. १९५० सालीं स्वीडनमधील मेलिन व निल्सन ह्यांनीं किरणोत्सर्गी फॉस्फरस बुरशीच्या तंतूंतून पाइनच्या रोपांत जातो, हें दाखवून दिलें. हे तंतु मुळांहून फार बारीक असल्यानें मातीच्या सूक्ष्म फटींत शिरतात. मोबदल्यांत झाड बुरशीस साखर देतें. आपल्या ज्वारीच्या व आंब्याच्या मुळांतहि अशाच दुसऱ्या जातीच्या बुरशा नांदतात.

नेमून दिलेलें काम फसलें असतां फ्रँक हताश झाले नाहींत. जें समोर दिसलें, तें त्यांनीं नीट पाहिलें. परमेश्वराच्या सृष्टींत मातीखालींहि शेजारधर्म चालतो, हें आम्हांस कळलें तें त्यामुळेंच.