आधी पायी फिरा, मग रेघ मारा

सर्व्हे कॅम्प म्हटला की डोळ्यांसमोर काय येतं? रणरणतं ऊन, तिवईवरचं थिओडोलाइट, लांब कुठेतरी स्टाफ धरून ताटकळत उभा राहिलेला एखादा बिचारा, आणि रात्री एकाच्या शीटवरून दहा जणांनी उतरवलेलं ड्रॉइंग. गेल्या कॅम्पमध्ये आमच्या बॅचने एका गावातल्या रस्त्याची अलाइनमेंट काढली. शीटवर रेघ मस्त सरळ आली. ती कुणाच्या तरी गोठ्यातून आणि पिंपळाच्या पाराच्या बरोब्बर मधोमध जात होती, हे आम्हाला चहा घेऊन आलेल्या एका आजींनी सांगितलं. आम्ही हसलो. मार्क्स पूर्ण मिळाले.

मित्रांनो, त्या रेघेवर हसू नये असं सांगणारा एक माणूस शंभर वर्षांपूर्वी आपल्याच देशातल्या गल्लीबोळांतून हिंडत होता. पॅट्रिक गेडिस त्यांचं नाव. टाउन प्लॅनिंगच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला चार ओळी येतात, त्याही शॉर्ट नोटपुरत्या. पण आयुष्य मात्र चार ओळींत मावणारं नाही.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा, स्कॉटलंडमधल्या बॅलेटर गावचा. वनस्पतिशास्त्र शिकायला एडिंबरा विद्यापीठात गेले आणि आठवड्याभरात कंटाळून बाहेर पडले! मग लंडनला थॉमस हक्सले या नामवंत जीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. पण पदवी अशी त्यांनी कधीच घेतली नाही. परीक्षा या प्रकारावर त्यांचा जन्मभर राग होता. (प्राध्यापक मंडळींनी हा परिच्छेद सोडून पुढे जावं.)

१८७९ साली संशोधनासाठी ते मेक्सिकोला गेले आणि तिथे डोळे गेले. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. दृष्टी परत आली, पण तासन् तास मायक्रोस्कोपला डोळा लावणं कायमचं बंद झालं. पंचविशीतल्या जीवशास्त्रज्ञाचं करिअर तिथेच संपायचं. त्या अंधारात खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांनी चाचपताना त्यांना एक युक्ती सुचली. कागदाला घड्या घालून चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात एक कल्पना ठेवायची आणि कशाचा कशाशी संबंध लागतो ते बघायचं. पुढे हीच त्यांची विचार करायची पद्धत झाली. स्थळ, काम आणि लोक, या तिन्हींचा एकमेकांशी संबंध लावल्याशिवाय कुठलंही शहर कळत नाही, हे त्यांचं सूत्र याच घड्यांमधून पुढे आलं. मायक्रोस्कोपखालचा जीव सुटला आणि त्यांनी शहर नावाचा मोठा जीव बघायला घेतला.

कारखान्यांमुळे तेव्हा युरोपातली शहरं भराभर फुगत होती. एडिंबऱ्यातली श्रीमंत मंडळी नव्या भागात राहायला गेली होती आणि जुन्या भागातल्या उंच, कोंदट इमारतींत एकेका खोलीत अख्खी कुटुंबं कोंबलेली होती. १८८६ साली गेडिस यांचं ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झालं. नवं जोडपं कुठे राहायला गेलं असेल? त्याच जुन्या वस्तीत, जेम्स कोर्ट नावाच्या वाड्यात. शेजाऱ्यांना हाताशी धरून दोघांनी घाण उपसली, भिंतींना चुना लावला, खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या ठेवल्या. पडायला आलेलं तेवढंच पाडलं, बाकीचं दुरुस्त केलं.

आपल्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे १८८७ साली तिथेच त्यांनी विद्यार्थ्यांसाठी होस्टेल काढलं, आणि त्याचा कारभार विद्यार्थ्यांच्याच हाती दिला. रेक्टर नाही! आपल्या मेस कमिटीची अवस्था बघता हा प्रयोग किती धाडसी होता हे वेगळं सांगायला नको. पण त्यामागे विचार होता. जो आपलं घर चालवायला शिकतो तोच उद्या गाव चालवू शकतो, असं त्यांना वाटे.

१९१४ साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी त्यांना भारतात बोलावलं. वय साठ. जगभरच्या शहरांचे नकाशे आणि चित्रं यांचं मोठं प्रदर्शन त्यांनी वर्षानुवर्षं खपून जमवलं होतं. ते ज्या बोटीवर चढवलं ती बोट एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडवली. दुसरा कुणी असता तर परत गेला असता. गेडिस यांनी मित्रांना पत्रं लिहिली, नवं साहित्य मागवलं आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासमध्ये प्रदर्शन उभं केलं.

त्या वेळी आपल्या शहरांत काय चाललं होतं? १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यातून १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढायचे, म्हणजे हवा खेळेल आणि रोगराई जाईल, हा त्यामागचा हिशोब. हेतू वाईट नव्हता. पण घर पडलेला माणूस नाहीसा होत नाही. तो शेजारच्या गल्लीत आणखी दाटीवाटीने राहायला जातो. नकाशावरची गर्दी कमी होते, प्रत्यक्षातली फक्त जागा बदलते.

गेडिस यांची पद्धत उलटी होती. नकाशा हातात घ्यायचा आणि सकाळपासून पायी हिंडायचं. विहीर कुठे आहे, बायका पाणी कुठून आणतात, कुठलं घर रिकामं पडलंय, देवळापुढे सावली कुणाची, सगळं टिपायचं. मग जी घरं खरोखरच निकामी झाली आहेत तेवढीच काढायची. तिथे छोटा चौक, एखादं झाड, जाण्यायेण्याची वाट. याला त्यांनी नाव दिलं कॉन्झर्व्हेटिव्ह सर्जरी, म्हणजे जपून केलेली शस्त्रक्रिया. तंजावर म्हणजे भोसले घराण्याचं गाव. तिथल्या किल्ल्यातल्या जुन्या वस्तीसाठी सरळ रस्ते पाडायची योजना तयार होती. गेडिस यांनी गल्ल्या पायी पालथ्या घालून दुसरा आराखडा दिला. त्याचा खर्च मूळ योजनेच्या साधारण सहाव्या हिश्शाइतका होता आणि उठवावी लागणारी माणसं कितीतरी कमी. म्हणजे माणुसकी महाग पडते हा समजही खोटाच.

१९१७ साल मात्र त्यांची परीक्षा बघणारं ठरलं. एप्रिलमध्ये थोरला मुलगा ॲलस्टर फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. ॲना तेव्हा भारतात तापाने अंथरुणाला खिळलेल्या. ही बातमी तिला सोसणार नाही म्हणून गेडिस यांनी ती तिच्यापासून लपवली, एकट्याने पोटात ठेवली. जूनमध्ये ॲनाही गेल्या.

त्याच वर्षी ते इंदूरला होळकर दरबाराच्या कामावर होते. शहरात प्लेग. नकाशा घेऊन फिरणाऱ्या या दाढीवाल्या म्हाताऱ्याला बघून लोक दारं लावून घेत, कारण साहेब मोजमाप करून गेला की घरं पडतात हा अनुभव. हाच साहेब प्लेग आणतो, अशीही कुजबुज होती. गेडिस यांनी महाराजांकडे एक दिवसाचं राज्य मागितलं आणि ते मिळालं!

मग दवंडी पिटली. दिवाळीची मिरवणूक यंदा नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या भागातली घरं सर्वात स्वच्छ असतील त्या भागातून जाईल. कचरा फुकट उचलला जाईल. झालं! घराघरांतून साफसफाई सुरू झाली आणि हजारो गाड्या कचरा निघाला. मिरवणुकीत लक्ष्मीचा रथ होता, घाणीचा अक्राळविक्राळ राक्षस होता, पिसवांनी भरलेला प्रचंड उंदीर होता. आणि रोज ज्यांच्याकडे कुणी वळूनही बघत नसे ते सफाई कामगार पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, फुलांनी सजून, मानाने चालत होते. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले. लोकांना तुळशीची रोपं वाटली. प्लेग ओसरला. त्यात हंगामाचाही वाटा असणार, पण एक गोष्ट नक्की. जे काम हुकमाने झालं नव्हतं ते लोकांनी सणासारखं केलं. १९१८ साली त्यांचा इंदूरवरचा दोन खंडांचा अहवाल निघाला.

१९१९ ते १९२४ ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. गोविंद सदाशिव घुर्ये हे मालवणकडचे विद्यार्थी त्यांनी हेरले. पुढे घुर्यांनीच तो विभाग सांभाळला आणि नावारूपाला आणला. गेडिस यांनी १९२५ साली तेल अवीवचा आराखडा केला, १९३२ साली त्यांना सर किताब मिळाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला फ्रान्समध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांना देव करायची गरज नाही. ते दाढीतल्या दाढीत पुटपुटत, मागच्या बाकावर काही ऐकू जात नसे. हाती घेतलेली कामं अर्धवट टाकून दुसरीकडे धावत. भारतातल्या शहरांवर त्यांनी पन्नासच्या आसपास अहवाल लिहिले, पण ते राजेरजवाड्यांच्या आणि साहेबांच्या मर्जीवर अवलंबून होते. मर्जी फिरली की अहवाल कपाटात. बरेचसे तिथेच राहिले.

पण कपाटातून ते बाहेर काढायची वेळ आता आपली आहे. आपल्यापैकी बरेच जण दोन-चार वर्षांत कुठल्या ना कुठल्या ऑफिसात बसून रेघा मारणार आहेत. पूर्वी त्यासाठी पेन्सिल लागायची, आता माऊस पुरतो. गल्लीत न जाताच सॅटेलाइटवरून अख्खी वस्ती दिसते, आणि पुसून टाकणंही तितकंच सोपं झालंय. घराचं छप्पर दिसतं, छपराखालचा माणूस दिसत नाही. रस्ते लागणारच, ड्रेनेज लागणारच, काही घरं हलवावीही लागतील. गेडिसही नको म्हणत नव्हते. पण आधी पायी फिरा, विचारा, मोजा आणि मग ठरवा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

यंदाच्या कॅम्पला जाणाऱ्या ज्युनिअर मित्रांना एकच विनंती. तिवई उभी करण्याआधी गावातून एक चक्कर मारा. चहा घेऊन येणाऱ्या आजींना आधीच विचारा, रस्ता कुठून जावा. रीडिंग काय, रात्री उतरवून घेता येतील!