अध्यात्मरसिक कविवर बनारसीदास

कविवर बनारसीदासांचा जन्म विक्रम संवत १६४३ मध्ये जौनपूर येथे श्रीमाळ कुळात झाला. पिता खरगसेन जवाहिराचे व्यापारी. पुत्राचा ओढा मात्र पेढीपेक्षा काव्याकडे व प्रेमप्रकरणांकडे. नवरसांवरील, पण मुख्यतः शृंगाराची, सुमारे हजार पद्यांची पोथी त्यांनी किशोरवयातच रचली.

इ. स. १६०५ मध्ये अकबर बादशहाच्या निधनाची वार्ता जौनपुरात आली. दुकाने बंद झाली, लोकांनी दागिने जमिनीत पुरले. जिन्यावर बसलेले बनारसीदास ती वार्ता ऐकताच भोवळ येऊन कोसळले. डोके फुटून रक्ताचा पूर आला. मातेने कापड जाळून जखमेत भरले, तेव्हा ते वाचले.

एका जोग्याने दिलेला शंख ते शिवस्वरूप मानून नित्य पूजीत असत. संकटात त्याने रक्षण का केले नाही, हा प्रश्न एकांतात मनात उठला आणि पूजा सुटली. पुढे एकदा गोमतीच्या पुलावर मित्रांना पोथी वाचून दाखवताना आपण रचलेल्या असत्याची त्यांना लाज वाटली. पोथी त्यांनी नदीत टाकली.

कथा सांगणारे बहुधा येथेच थांबतात. मला पुढील तीस वर्षे अधिक मोलाची वाटतात. व्रतनियम सुरू झाले, पण श्रद्धा स्थिर झाली नव्हती. जवाहीर, तूप, तेल व जौनपुरी कापड घेऊन ते आग्र्यास गेले आणि भांडवल गमावून बसले. कचोरीवाल्याच्या उधारीवर कित्येक महिने काढले. (ही स्थिती व्यापाऱ्यास समजावून सांगावी लागत नाही!) नऊ अपत्ये झाली, एकही जगले नाही. १६२३ मध्ये आचार्य कुंदकुंदांच्या समयसारावरील राजमल्लांची टीका हाती आली. तिचे मर्म न उमगल्याने बाह्य क्रिया सुटली आणि आत्मानुभवही आला नाही. मित्रांसह बंद खोलीत नग्न होऊन मुनिपणाचे सोंग करण्यापर्यंत मजल गेली. अखेर १६३५ मध्ये पंडित रूपचंद आग्र्यास आले. गोम्मटसाराच्या आधारे त्यांनी गुणस्थानानुसार ज्ञान व क्रिया यांचा मेळ उलगडून दाखवला आणि संशय फिटला. पुढील वर्षी ‘समयसार नाटक’ पूर्ण झाले.

मनुष्यायुष्य ११० वर्षांचे मानून पंचावन्नाव्या वर्षी, १६४१ मध्ये, त्यांनी ६७५ पद्यांचे ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिले. जमाखर्च मांडावा तसे त्यात गुणांसोबत दोषही नोंदवले; कोणी पाहत नसताना एकटेच नाचण्याची खोडसुद्धा त्यांनी लपविली नाही.