'सॅडिस्ट' हा शब्द रुळवणारा डॉक्टर गुन्हेगाराच्या डोक्यात काय शोधत होता?

क्राइम सिरीज बघताना 'सॅडिस्ट' हा शब्द तुम्ही हमखास ऐकला असेल. दुसऱ्याला वेदना देऊन लैंगिक सुख मिळवणारा माणूस. वैद्यकशास्त्रात हा शब्द रुळवला रिचर्ड फॉन क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञांनी.

१८४० मध्ये जर्मनीतल्या मान्हाइममध्ये त्यांचा जन्म झाला. आईचे वडील हायडेलबर्गचे नामांकित कायदेपंडित होते. नातू डॉक्टर झाला, पण कोर्टाशी नातं काही तुटलं नाही. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये मनोरुग्णालय सांभाळताना ते लैंगिक गुन्ह्यांच्या खटल्यांत तज्ज्ञ म्हणून मत द्यायचे.

आरोपी आजारी आहे, की त्याने सगळं समजून-उमजून केलंय? त्यांच्या मते, नुसतं कृत्य बघून हे कळत नाही. त्या माणसाचं आयुष्य, त्याचा हेतू आणि त्याच्या मनातल्या कल्पना, हे सगळं तपासावं लागतं.

अशा केसेस गोळा करून त्यांनी १८८६ मध्ये 'सायकोपॅथिया सेक्शुॲलिस' हे पुस्तक काढलं. ते डॉक्टर-वकिलांसाठी होतं. सामान्य लोकांनी वाचू नये म्हणून नाजूक भाग चक्क लॅटिनमध्ये लिहिला! तरी लोकांच्या उड्या पडल्या आणि आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या.

मग वाचकांची पत्रं येऊ लागली. वेदना आणि अपमान सोसण्याच्या कल्पनांनी उत्तेजित होणाऱ्यांसाठी त्यांनी 'मॅसोकिझम' हा शब्द घडवला, तोही सॅखर-मासोख या हयात लेखकाच्या नावावरून. पत्रं लिहिणाऱ्या अनेकांनी कुणालाही इजा केलेली नव्हती.

इथेच खरा मुद्दा आहे. मनात फँटसी असणं म्हणजे गुन्हा नव्हे. समोरच्याची संमती धुडकावून ती अमलात आणणं हा गुन्हा. हिंसक कल्पनांसोबत स्वतःवर ताबा नसणं, आधीचे गुन्हे, दुसऱ्याच्या त्रासाची फिकीर नसणं, हे सगळं जुळून आलं की धोका वाढतो, असं आजचे तज्ज्ञ मानतात.

क्राफ्ट-एबिंग चुकलेही. समलैंगिकतेला त्यांनी विकृती ठरवलं आणि त्याची झळ अनेकांना बसली. शेवटच्या वर्षांत त्यांनी हे मत बदललं. समलैंगिकांना शिक्षा देणारा जर्मन कायदा रद्द करा, या मागणीच्या अर्जावर सहीही केली.

१९०२ मध्ये ते गेले. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र आजही कोर्टात विचारला जातो. गुन्हेगाराचं मन समजून घेणं म्हणजे त्याला माफ करणं नाही. पुढचा गुन्हा टाळायचा असेल, तर ते समजून घ्यावंच लागतं.