कागद आणि कसर

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत एका मार्कासाठी पाठ केलेलं असतं. काँग्रेसचे संस्थापक कोण, ह्यूम. कुठे, मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत. कधी, २८ डिसेंबर १८८५. प्रतिनिधी किती, ७२. एवढं लिहिलं की मार्क मिळतो आणि ह्यूम संपतात.

पण त्याच १८८५ सालात, काँग्रेस भरण्याच्या काही महिने आधी, याच ह्यूमसाहेबांच्या सिमल्याच्या बंगल्यातून ४७ लाकडी पेट्या बाहेर पडल्या होत्या. देवदाराच्या लाकडाच्या, तिथंच बसून बनवलेल्या, एकेक पेटी जवळजवळ अर्ध्या टनाची. आतल्या मालाला इजा होऊ नये म्हणून खिळे टाळून त्या जोडल्या होत्या. डोंगरउतारानं त्या खाली आल्या, बैलगाड्यांवरून कालक्याला पोचल्या, तिथून मुंबई बंदर आणि मग लंडन. आत होते पक्षी. मेलेले, कापूस भरलेले, पायाला चिठ्ठी बांधलेले. अंडी आणि घरटी धरून सुमारे ८२,००० नमुने.

या पेट्यांची गोष्ट मला फार दिवसांपासून सांगायची होती, कारण ती आपल्या वऱ्हाडाच्या शिवेपर्यंत येऊन पोचते.

इटाव्याचा कलेक्टर

ह्यूम यांचा जन्म १८२९चा. वडील जोसेफ ह्यूम हे ब्रिटिश पार्लमेंटातले गाजलेले सुधारणावादी सभासद. सरकारी पैशाचा हिशेब मागण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मुलानं कंपनीच्या हेलीबरी कॉलेजात शिक्षण घेतलं, थोडी वैद्यकीही केली आणि १८४९ मध्ये तो हिंदुस्थानात आला. पुढे उत्तरेतल्या इटावा जिल्ह्याचा कारभार त्याच्याकडे आला.

तिथं या तरुण अधिकाऱ्यानं काय केलं, तर शाळा काढल्या. १८५७ पर्यंत १८१ शाळा आणि ५,१८६ विद्यार्थी. त्यांत मुली दोनच, पण होत्या. दारूच्या उत्पन्नावर सरकारनं पैसा मिळवावा हे त्यांना पटत नसे, आणि न पटलेलं वरिष्ठांना लिहून कळवायची त्यांना खोड होती. ही खोड त्यांना जन्मभर महाग पडली.

१८५७चा उठाव झाला. इटाव्याहून त्यांना आग्ऱ्याला निघून जावं लागलं. परत आले तेव्हा त्यांनी तोवर जमवलेले पक्षी आणि टिपणं यांची धूळधाण झालेली होती. दुसऱ्या कोणी नाद सोडला असता. ह्यूम यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

त्या काळी पक्ष्याचा अभ्यास म्हणजे बंदूक. दुर्बिणी आजच्यासारख्या नव्हत्या, छायाचित्रं नव्हती. पक्षी पाडायचा, कातडं अलगद सोडवायचं, आत विषारी औषध चोळायचं, कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. कुठं मिळाला, कोणत्या तारखेला, नर की मादी, कोणी टिपला. दिवाणखान्यात टांगलेलं वाघाचं मुंडकं आणि हा चिठ्ठीचा पक्षी यांत फरक काय तो या चिठ्ठीचा. मुंडकं मालकाचा पराक्रम सांगतं. चिठ्ठी पक्ष्याचं गाव सांगते.

कुंपण राखणारा माणूस

१८६७ मध्ये ह्यूम अंतर्गत जकात खात्याचे आयुक्त झाले. हे खातं म्हणजे एक अजब प्रकार होता. मिठावरचा कर चुकवून कोणी मीठ नेऊ नये म्हणून इंग्रजांनी देशाच्या मधोमध जकातीची एक रेषाच आखली होती. सिंधू नदीपासून ती निघे, पार खाली आपल्या शेजारच्या बऱ्हाणपुरापर्यंत येई आणि तिथून पूर्वेला महानदीकडे वळे. बऱ्याच लांबीवर या रेषेला काटेरी झाडांचं जिवंत कुंपण होतं आणि ते राखायला बारा हजारांवर माणसं. हे कुंपण नीट वाढवण्यात ह्यूम यांनी मनापासून लक्ष घातलं. परवान्याशिवाय मिठाचं पोतं पलीकडे जाऊ नये, हे त्यांचं काम. १८७९ मध्ये ही रेषा सरकारनं मोडून टाकली. ज्या माणसानं इतरांचे परवाने तपासण्यात तीन वर्षं घालवली, त्याच्यावरच पुढे मंजुरीची वाट पाहायची पाळी आली, हा दैवाचा खेळ म्हणायचा.

१८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी आपल्या खामगावची रेल्वे सुरू केली. वऱ्हाडचा कापूस तेव्हा साऱ्या मँचेस्टरच्या डोळ्यांत भरला होता. त्याच मेयोंनी १८७१ मध्ये महसूल, शेती आणि व्यापार असं नवं खातं काढलं आणि त्याचे सचिव म्हणून ह्यूम यांना नेमलं. शेती सुधारावी, शेतकरी कर्जातून सुटावा, असं त्यांना मनापासून वाटे. सरकारचं लक्ष मात्र वसुलीवर अधिक. मेयोंचा १८७२ मध्ये अंदमानात खून झाला आणि ह्यूम यांचा पाठीराखा गेला. स्पष्ट लिहिण्याची खोड काही सुटली नाही. १८७९ मध्ये त्यांना सचिवपदावरून काढून अलाहाबादला खालच्या जागेवर पाठवलं. १८८२ मध्ये ते निवृत्त झाले.

या सगळ्या काळात सिमल्याच्या जाखू टेकडीवर त्यांचा रॉथनी कॅसल हा बंगला पक्ष्यांनी भरत होता. देशभरातले इंजिनियर, डॉक्टर, जंगल अधिकारी, लष्करी अंमलदार त्यांना नमुने पाठवत. त्यांच्यासाठी ह्यूम यांनी १८७२ पासून पक्षिशास्त्राचं एक नियतकालिक चालवलं. स्वतः सिंध, अंदमान, लक्षद्वीप, मणिपूर असे हिंडले. हिंदुस्थानच्या सगळ्या पक्ष्यांचा एक मोठा ग्रंथ लिहायचा, हे त्यांचं स्वप्न होतं.

आणि एका हिवाळ्यात ते बंगल्यावर परतले, तर त्या ग्रंथाचं हस्तलिखित जागेवर नव्हतं. एका नोकरानं ते सिमल्याच्या बाजारात रद्दीच्या भावानं विकलं होतं. पंचवीस वर्षांची मेहनत पुड्या बांधायला गेली. त्यातच मोठ्या पावसात दरड कोसळून संग्रहाचीही नासधूस झाली. ह्यूम यांचं मन उडालं. दरम्यान ते थिऑसॉफीकडे वळले होते, शाकाहारी झाले होते. उरलेला सारा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला फुकट द्यायचं त्यांनी ठरवलं.

फुकट द्यायलाही मंजुरी

इथून पुढचा भाग वाचताना मला तो आपल्याच एखाद्या कचेरीत घडल्यासारखा वाटतो. देणारा तयार, घेणारा उत्सुक, मोल शून्य. अटी काही होत्या. म्युझियमचे पक्षितज्ज्ञ बाउडलर शार्प यांनी स्वतः येऊन संग्रह तपासावा आणि बांधावा, आणि या वाढीव कामाबद्दल त्यांचा हुद्दा आणि पगार वाढवावा. म्युझियमला ते जमेना. माणूस पाठवायचा खर्च, हुद्द्याचा प्रश्न, कोणाच्या अधिकारात काय येतं याचा खल. पत्रं बोटीनं जात होती, उत्तरं बोटीनं येत होती. आणि तिकडे सिमल्यात कसर आपलं काम करत होती.

कसरीला मंजुरी लागत नाही. कातडं, पीस, लोकर, जे मिळेल ते ती खाते. शार्प यांना अखेर १८८५ मध्ये हिंदुस्थानात यायची परवानगी मिळाली, तोवर जवळजवळ २०,००० नमुने नष्ट झाले होते. वीस हजार पक्षी एकदा बंदुकीनं मेले आणि दुसऱ्यांदा दिरंगाईनं. उरले ते ४७ पेट्यांतून गेले. पुढे १८९१ मध्ये ह्यूम यांनी शिकारीतली शिंगं आणि मुंडकी यांचा आपला मोठा संग्रहही त्याच म्युझियमला देऊन टाकला.

हे वाचलं की मला अकोल्याच्या मामांच्या घरातलं बिबट्याचं कातडं आठवतं. आजोबांच्या काळातलं ते. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा मामांनी रीतसर नोंद करून मालकीचा दाखला घेतला होता. मामा गेले. मामेभाऊ अमरावतीला राहणारा, सरळ माणूस. दाखला आपल्या नावावर व्हावा म्हणून त्यानं अर्ज दिला. एका कचेरीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. कधी मूळ दाखल्याची प्रत हवी, कधी पंचनामा, कधी साहेब दौऱ्यावर. चार वर्षांनी माणसं पंचनाम्याला आली, तेव्हा ट्रंकेतून निघाला तो केसांचा भुगा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. पंचनाम्यात तेवढंच लिहिलं गेलं.

मामी म्हणाल्या, बरं झालं, ब्याद गेली. मला मात्र तसं वाटलं नाही. त्या बिबट्याचा जीव आजोबांच्या हौसेपायी गेला, ही गोष्ट काही भूषणाची नव्हे. पण गेलेल्या जिवाची निदान नोंद तरी नीट राहावी. तो मेळघाटातला होता की पातूरच्या डोंगरातला, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

मग परवाने नसावेतच का? ह्यूम यांच्या वेळी हिंदुस्थानातून पक्षी बाहेर न्यायला कोणाला काही विचारावं लागत नव्हतं. अडलं ते लंडनला. आपल्या जंगलातली ठेव कोणाच्याही परवानगीशिवाय ढिगानं गेली, आणि आज आपल्या विद्यार्थ्याला ती पाहायची तर इंग्लंडला पत्र लिहावं लागतं. म्हणूनच १९७२चा कायदा हवा होता. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार १९७३ मध्ये झाला आणि १९७६ मध्ये भारत त्यात सामील झाला, तेही हवंच होतं. आज परदेशातल्या शिकारीचं शिंग वा कातडं देशात आणायचं, तर या कराराखालची कागदपत्रं लागतात आणि त्यांना वेळ लागतो. शिकाऱ्याला थोडं थांबावं लागलं, तर मला त्याचं फार दुःख नाही. अभ्यासकाला आणि दाखल्यासाठी दारात उभ्या असलेल्या सरळ माणसाला तेवढंच थांबावं लागतं, याचं आहे.

एका चिठ्ठीचा खोटेपणा

आता वऱ्हाडकडे येऊ. १८७२ मध्ये ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्यानं आजच्या छत्तीसगडातल्या फुलझरकडे एक छोटं घुबड टिपलं. ह्यूम यांनी ते पाहिलं आणि १८७३ मध्ये ही वेगळीच जात असल्याचं जाहीर करून तिला ब्लेविटचं नाव दिलं. हाच आपला रानपिंगळा. गावातल्या पिंगळ्यापेक्षा अंगानं भरदार, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पंजे दणकट. पुढच्या दहा-बारा वर्षांत डेव्हिडसन या अधिकाऱ्याला खानदेशात शहादा-तळोद्याकडे तो आणखी मिळाला. १८८४ नंतर मात्र खात्रीलायक असा एकही पुरावा नाही. साऱ्या जगातल्या म्युझियमांत मिळून जेमतेम सात कातडी.

एक चिठ्ठी मात्र सांगत होती की १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ तो मिळाला. टिपणारा कर्नल रिचर्ड मैनर्ट्झहागन, मोठा नावाजलेला पक्षितज्ज्ञ. लोक त्या चिठ्ठीवर विसंबून होते. अखेर अमेरिकेच्या पॅमेला रासमुसेन आणि ब्रिटनचे नायजेल कॉलर यांनी ते कातडं बारकाईनं तपासलं. ते डेव्हिडसनच्याच पक्ष्यांपैकी एक निघालं. म्युझियममधून चोरलेलं, नव्यानं भरलेलं आणि खोटी चिठ्ठी बांधलेलं. खोटी चिठ्ठी बाजूला सारून जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांनी धुंडाळली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी.

त्यानंतरच्या शोधात तो आपल्या मेळघाटातही सापडला, आणि आज त्याच्या मोठ्या आसऱ्यांत मेळघाटाची गणना होते. १९७३ मध्ये वाघासाठी म्हणून राखलेल्या या सागवानी जंगलानं एका घुबडालाही सांभाळलं.

ह्यूम १८९४ मध्ये हिंदुस्थान सोडून गेले. १८९७ मध्ये अमरावतीला काँग्रेसचं तेरावं अधिवेशन भरलं. अध्यक्ष शंकरन नायर होते, स्वागताची धुरा दादासाहेब खापर्ड्यांकडे होती, टिळक तुरुंगात होते. सरचिटणीस म्हणून ह्यूम यांचं नाव तेव्हाही कायम होतं. ज्या जातीला त्यांनी नाव मिळवून दिलं, ती त्या मांडवापासून दिवसभराच्या वाटेवर, मेळघाटाच्या डोंगरात नांदत असणार. हे ना अमरावतीत जमलेल्यांना माहीत होतं, ना इंग्लंडमधल्या ह्यूम यांना. ३१ जुलै १९१२ रोजी ते वारले. शेवटच्या वर्षांत त्यांनी पक्ष्यांऐवजी झाडांचा नाद धरला होता आणि १९१० मध्ये दक्षिण लंडनमध्ये वनस्पतिशास्त्राची एक संस्था काढली होती.

या सुटीत मुलाबाळांना घेऊन सेमाडोहकडे जाणार असाल, तर वाघ दिसला नाही म्हणून हिरमुसू नका. रानपिंगळा दिवसाही हिंडतो. पानगळ झालेल्या सागाच्या उघड्या फांदीवर एखादं ठेंगणं, बिनठिपक्यांच्या डोक्याचं घुबड बसलेलं दिसलं, तर थांबा आणि नीट पाहा. घरी आल्यावर वहीत ठिकाण आणि तारीख लिहून ठेवा, खरी. त्याला कोणाची मंजुरी लागत नाही.