सेना महाराजांची धोकटी

बांधवगडच्या राजाचे न्हावी म्हणून सेना महाराज प्रसिद्ध. महिपतीबोवांनी १७६२ साली पुऱ्या केलेल्या भक्तविजयात त्यांची कथा आहे. महाराज पूजेत असताना राजाचे बोलावणे आले. ते उठेनात, तेव्हा देवच त्यांच्या रूपाने धोकटी घेऊन गेला, राजाची हजामत केली, आणि तेलाच्या वाटीत राजाला चतुर्भुज मूर्ती दिसली. कथा सगळ्यांना ठाऊक आहे. आम्हांला मात्र धोकटीतला वस्तरा आठवत राहतो.

वस्तरा सांभाळणे काही पोरखेळ नव्हे. जुन्या पात्याचा गंज आधी हलके घासून काढायचा. धारेला खाच पडली असेल, तर ती जाईपर्यंत ओल्या दगडावर पाते झिजवायचे. दोन्ही बाजू सारख्या. मग चामड्यावर, पण तिथे पाठ पुढे आणि धार मागे. उलटे केले की चामडे कापले, धारही गेली! गंज धारेत खोल मुरला, तर पाते वायाच. असे शस्त्र राजाच्या गळ्यावर फिरवायचे. ज्याला समाजाने खालच्या पायरीवर बसवले, त्याच्याच हाती राजा मान देई. आणि देवालाही तेच काम करताना कमीपणा वाटला नाही.

महाराजांनी धंदा कधी लपवला नाही. आरसा, चिमटा, पाणी यांनाच त्यांनी अभंगात विवेक, वैराग्य, शांती केले. त्यांच्या नावाचे एक पद १६०४ साली सिद्ध झालेल्या आदिग्रंथातही आहे, धनाश्री रागात. श्रावण वद्य द्वादशीला नाभिक मंडळी त्यांची पुण्यतिथी करतात.