भारतात नोकरी मिळाली नाही, पण पुढे या माणसाने प्रयोगशाळेत अख्खा जीन बनवला : हरगोविंद खुराना

प्रयोगशाळांना सामान पुरवणाऱ्या कंपन्यांच्या यादीत 'रिकॉम्बिनंट ह्युमन प्रोटीन' नावाचा माल असतो. छोटीशी कुपी, आत कधीकधी जेमतेम काही मायक्रोग्रॅम पावडर. लेबलवर 'फक्त संशोधनासाठी', म्हणजे पेशंटला द्यायची नाही.

गंमत अशी की नावात ह्युमन असलं तरी हे प्रोटीन माणसाच्या शरीरातून काढलेलं नसतं. बऱ्याचदा ते ई. कोलाय नावाच्या बॅक्टेरियाने बनवलेलं असतं. माणसाच्या प्रोटीनचा जीन त्याच्या पोटात सोडायचा आणि प्रोटीन बनवून घ्यायचं.

पण बॅक्टेरियाला माणसाच्या जीनची भाषा कळते कशी? आणि हवा तसा जीन आणायचा कुठून? या दोन्ही प्रश्नांशी एक नाव जोडलेलं आहे, डॉ. हरगोविंद खुराना.

खुरानांचा जन्म रायपूरचा. छत्तीसगडचं नाही, आता पाकिस्तानात असलेल्या मुलतान भागातलं रायपूर. जन्माची नक्की तारीख घरात कुणालाच माहीत नव्हती, कागदोपत्री ९ जानेवारी १९२२ लागली. शंभरेक लोकवस्तीचं गाव, वडील पटवारी, म्हणजे आपल्याकडचे तलाठी. गावात लिहिता-वाचता येणारं घर जवळपास हे एकच.

लाहोरला एमएस्सी झाल्यावर १९४५ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर ते लिव्हरपूलला गेले, तिथे पीएचडी केली. मग काही काळ झुरिक. १९४९ मध्ये भारतात परतले, तोवर फाळणीने गाव सीमेपलीकडे गेलं होतं. आणि इथे त्यांना योग्य अशी नोकरीच मिळाली नाही. शेवटी फेलोशिप घेऊन केंब्रिज गाठलं आणि तिथून १९५२ मध्ये कॅनडातलं व्हँकुव्हर.

व्हँकुव्हरच्या प्रयोगशाळेत सोयी फारशा नव्हत्या, पण हवं ते काम करायची मोकळीक होती. डीएनएची अक्षरं एकामागोमाग एक हव्या त्या क्रमाने रसायनांनी जोडायची, हे कौशल्य त्यांनी तिथे कमावलं. १९६० मध्ये ते अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेले.

तेव्हा जगभरात एकच शर्यत चालू होती, जेनेटिक कोड फोडायची. डीएनएची अक्षरं चार, प्रोटीनचे मणी म्हणजे अमिनो आम्लं वीस. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द धरला तर ६४ शब्द होतात. कुठल्या शब्दाचा अर्थ कुठलं अमिनो आम्ल? १९६१ मध्ये मार्शल निरेनबर्ग यांनी पहिला शब्द उलगडला. खुरानांनी वेगळा डाव टाकला. यू-सी-यू-सी अशी ठरावीक अक्षरं पुन्हा पुन्हा येणारी आरएनएची साखळी बनवली. ती तीन-तीन अक्षरांनी वाचली की यूसीयू आणि सीयूसी हे दोनच शब्द आलटून पालटून येतात. तयार झालेल्या साखळीतही सेरीन आणि ल्युसीन अशी दोनच अमिनो आम्लं आलटून पालटून आली. अशा साखळ्या बदलत बदलत कोड पक्का होत गेला.

याच कामासाठी १९६८ चं नोबेल निरेनबर्ग, रॉबर्ट हॉली आणि खुराना यांना मिळालं. हा कोड बॅक्टेरियाला आणि माणसाला जवळपास सारखाच लागू होतो, म्हणून तर ई. कोलाय माणसाचं प्रोटीन बनवू शकतो. एकाच अमिनो आम्लाला अनेक शब्द असतात, त्यामुळे आज जीन बनवताना बॅक्टेरियाच्या सवयीचे शब्द निवडता येतात.

नोबेल मिळालं म्हणून खुराना थांबले नाहीत, आणि खरं तर पुढचंच काम जास्त वेडेपणाचं होतं. कोड वाचून झाला, आता स्वतः लिहायचा. १९७० मध्ये त्यांच्या टीमने ७७ अक्षरांचा एक अख्खा जीन रसायनांपासून बनवला. हॉली यांनी यीस्टमधलं जे आरएनए वाचलं होतं, त्याचाच हा जीन. तुकडे हाताने जुळवायचे, मग एन्झाइमने सांधायचे, यात वर्षं गेली. पण पेशीत काम करायला लागणारे चालू-बंदचे संकेत त्यात नव्हते.

एमआयटीत गेल्यावर त्यांनी ई. कोलायचा जीन घेतला आणि त्याला हे संकेतही जोडले. दोनशेहून जास्त अक्षरं झाली. १९७६ मध्ये तो जीन जिवंत बॅक्टेरियात चालला. माणसाने बनवलेला जीन पेशीने आपला मानला होता.

पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात इटाकुरा, रिग्ज आणि बॉयर यांच्या गटाने सोमॅटोस्टॅटिन या १४ अमिनो आम्लांच्या हार्मोनचा जीन रसायनांनी बनवून ई. कोलायमध्ये घातला. माणसाच्या शरीरातलं हार्मोन पहिल्यांदाच बॅक्टेरियाने तयार केलं. यात खुराना नव्हते, जोडायची पद्धतही थोडी वेगळी होती, पण वाट त्यांनीच पाडलेली. १९७८ मध्ये त्याच मार्गाने इन्सुलिन बनलं आणि १९८२ मध्ये औषध म्हणून मंजूर झालं.

खुराना तोवर दुसऱ्याच नादाला लागले होते, डोळ्यात प्रकाश ओळखणाऱ्या ऱ्होडॉप्सिनच्या. या प्रोटीनचा जीन प्रयोगशाळेत बनवायचा, पेशींकडून प्रोटीन करून घ्यायचं, मग त्यातलं एकेक अमिनो आम्ल बदलून काय बिघडतं ते बघायचं. कुपीतल्या प्रोटीनवर आज संशोधक जे करतात, त्यातलं बरंचसं हेच. ९ नोव्हेंबर २०११ रोजी मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांचं निधन झालं.